उपनगरांची आडवी वाट

वाचकहो, शाळेत मुंबईचा नकाशा टांगलेला असेल तर तो एकदा समोर घ्या. नसेल तर मनात आणा. पश्चिमेला समुद्राच्या अंगाला अंधेरी आहे, पूर्वेला खाडीच्या अंगाला घाटकोपर. ह्या दोहोंमध्ये सरळ रेषेत अंतर अवघे सात-आठ किलोमीटर. आपल्याकडे आठवड्याच्या बाजाराला माणूस डोक्यावर पाटी घेऊन एवढे चालून जातो. आणि तरीही कितीतरी वर्षे अंधेरीच्या माणसाला आगगाडीने घाटकोपरला जायचे झाले, तर आधी दक्षिणेला दादरपर्यंत १२ किलोमीटर खाली यावे लागे, तेथे पूल चढून दुसऱ्या रेल्वेच्या फलाटावर उतरावे लागे, आणि मग पुन्हा उत्तरेला ११ किलोमीटर वर जावे लागे. ह्यालाच आपण द्राविडी प्राणायाम म्हणतो. हा प्राणायाम लाखो लोकांच्या नशिबी का आला, आणि तो २०१४ साली कसा सुटला, ही गोष्ट आज सांगायची आहे. गोष्ट मुंबईची खरी. पण ज्या गावाला एस.टी. उशिरा पोहोचली त्या गावच्या माणसाला ती परकी वाटायची नाही.

आरंभ होतो तो भांडुपला. मुलुंडच्या शेजारचे हे गाव. १८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क भांडुपला गेले असताना, मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे घाटांपर्यंत लोहमार्ग न्यावा ही कल्पना त्यांच्या मनात प्रथम आली, असे रेल्वेच्या इतिहासात नमूद आहे. नाना शंकरशेट आणि जमशेटजी जिजीभाई ह्या मातबर मंडळींनी ती उचलून धरली. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी चारशे पाहुण्यांना घेऊन निघाली आणि एकवीस मैलांवरच्या ठाण्याला पोहोचली. तोफांची सलामी झाली, बँड वाजले. हे सारे आपल्याला पाठ्यपुस्तकांतून ठाऊक आहे.

पण पाठ्यपुस्तकात एक प्रश्न सहसा नसतो. ही गाडी काढली कोणासाठी? अंधेरी-घाटकोपरच्या भातशेतकऱ्यासाठी किंवा कोळ्यासाठी तर नक्कीच नव्हे. व्यापाऱ्यांना हवा होता देशावरचा आणि वऱ्हाडातला कापूस, आणि तो हवा होता बंदरात, जहाजावर. म्हणून पूर्वेकडून एक मार्ग घाटाकडे गेला. पुढे १८६४ साली गुजरातेतून दुसऱ्या कंपनीचा मार्ग सुरतेवरून खाली आला आणि पश्चिम किनाऱ्याने मुंबईत शिरला. दोन कंपन्या, दोन मार्ग, दोन्ही उभे. नांगराच्या दोन तासांसारखे शेजारीशेजारी. अंधेरीच्या माणसाचे घाटकोपरला काय काम, हे त्या वेळी कोणी विचारलेच नाही. विचारायचे कारणही नव्हते. तेव्हा ही साष्टी बेटावरची खेडी होती. मधल्या डोंगरात १८६० साली विहारचा तलाव पुरा झाला, १८७९ साली तुळशीचा. शहराला पाणी मिळाले. डोंगराचा उपयोग एवढाच.

कापसासाठी टाकलेल्या रुळांवर माणसे मात्र लवकरच बसू लागली. १२ एप्रिल १८६७ पासून पश्चिमेकडच्या मार्गावर विरारहून बॅकबेपर्यंत रोज एक गाडी सुरू झाली. सकाळी पावणेसातला निघायची, संध्याकाळी साडेपाचला परतीला लागायची. ह्या दोन वेळा नीट पाहा. सकाळी जाणे आणि दिवेलागणीला परतणे, म्हणजे चाकरमान्याचा दिवसच की हा! त्या गाडीच्या थांब्यांची जुनी नावेही वाचण्यासारखी आहेत : नीला, बेसीन, पांजे, बोरीवला, पहाडी, अंदारू, बांदोरा. बोरीवला म्हणजे आपली बोरिवली. अंदारू म्हणजे अंधेरी. पहाडी हे गोरेगावातले गाव. साहेबाच्या कानाला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले.

दिवसाकाठी एका गाडीपासून आज मध्य आणि पश्चिम रेल्वे मिळून रोजच्या तीन हजारांवर फेऱ्यांपर्यंत मजल गेली आहे. मधला सगळा तपशील सांगत बसत नाही. एवढे ध्यानात घ्या, की आधी स्टेशन आले आणि मग वस्ती आली. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला तेव्हा चाळींतल्या कोंदट खोल्या सोडून उघड्या हवेत राहण्याची निकड लोकांना पटली. पण शहराबाहेर राहून शहरात पोट भरायचे ते गाडी होती म्हणूनच. १९२० साली ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढावा लागला, इतकी वस्ती वाढली. १९२२ च्या सुमारास मुलुंडमध्ये स्टेशनापासून पाचरस्त्यापर्यंत चौकटीचौकटीने रस्ते आखून नवे गाव वसवण्यात आले. आजही मुलुंड पश्चिमेला उतरलात तर ते सरळ रस्ते पायांना कळतात.

आता धुराचे पाहू. कोळशाच्या इंजिनाचा धूर, काजळी, डोळ्यांत जाणारी ठिणगी हे जुन्या माणसांना आठवत असेल. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी हार्बर मार्गाने भारतातली पहिली विजेची गाडी धावली. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेवर आले. उपनगरांतल्या लाखो छातींवरचा धूर कमी झाला. हवा शुद्ध राखण्याची भाषा आज सर्वत्र ऐकू येते. तिचा हा मुंबईतला एक जुना आणि मोठा धडा.

तथापि इतिहासाच्या शिक्षकाने येथे थोडे थांबले पाहिजे. धूर गेला म्हणजे गेला कोठे? काही धूर ठाकुर्लीला गेला. तेथे चोळे गावाजवळ रेल्वेने कोळशावरचे वीजघर बांधले. आणि मुंबईला पाण्यावरची वीज मिळाली ती टाटांच्या घाटमाथ्यावरच्या धरणांतून. त्यांपैकी मुळशीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले, तुरुंगवास सोसला. धरण शेवटी झालेच. गावे पाण्याखाली गेली आणि त्या पाण्याची वीज मुंबईला गेली. शहराच्या सोयीचे मोल कोणीतरी दूर खेड्यात मोजलेले असते. अंधेरीच्या लोकलमध्ये पंख्याखाली बसणाऱ्याला मुळशी ठाऊक नसते, आपल्याला असावी.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. उभ्या दोन मार्गांना जोडणारी आडवी वाट मुंबईला कधी सुचलीच नाही, असे मात्र नाही. १९२८ च्या जानेवारीत अंधेरीहून कुर्ल्यावरून ट्रॉम्ब्याला जाणारी १३ किलोमीटरची आगगाडी सुरू झाली होती. साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे असे तिचे नाव. पश्चिमेचा माणूस दादरला वळसा न घालता थेट पूर्वेला उतरू लागला. ही गाडी किती वर्षे चालली म्हणता? जेमतेम सहा! १९३४ साली ती बंद झाली. रूळ गेले, जमीन गेली. काही भाग विमानतळाच्या पोटात गडप झाला. आज त्या मार्गाची खूणही सामान्य माणसाला दाखवता येणार नाही.

बंद करणाऱ्यांनी त्या वर्षाचा जमाखर्च पाहिला असणार. दोष द्यायचा म्हणून देत नाही. शेताच्या बांधावरची वाट मोडायला एक दिवस पुरतो, ती पुन्हा पाडायला मात्र पिढ्या जातात. ज्या भागातून ती गाडी जात होती तो पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत गजबजून गेला. मरोळला कारखाने आले. १९७३ साली अंधेरी पूर्वेला सीप्झ ही निर्यात कारखान्यांची वसाहत निघाली. तेथे विजेच्या उपकरणांच्या आणि पुढे दागिन्यांच्या कामावर हजारो बायका येऊ लागल्या. साकीनाका, असल्फा येथे डोंगराच्या उतारावर घरांवर घरे चढली. रूळ ठेवले असते तर ह्या सर्वांना ते आयते मिळाले असते.

मग ही माणसे जात कशी होती? बेस्टच्या बसने. स्वातंत्र्यानंतर १९५० साली जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंतची, आणि १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंतची उपनगरे मुंबई महापालिकेत आली, आणि लाल बस उपनगरवासीयांच्या घरचीच झाली. घाटकोपर-अंधेरी अशी ३४० क्रमांकाची बस म्हणजे त्या बाजूच्या माणसांची जीवनवाहिनी! परंतु बस रस्त्यावर चालते, आणि रस्त्यावर तिच्या पुढे ट्रक, रिक्षा, टेम्पो, मोटारी. साकीनाक्याच्या चौकात अडकलेली बस पाहिली म्हणजे बैलगाडीची आठवण यावी. सात-आठ किलोमीटरला तास, कधी दीड तास. आठ तासांची पाळी करून आलेल्या बाईचे ह्या कोंडीत रोज दोन-अडीच तास जायचे. त्या अडीच तासांत पोराचा अभ्यास व्हायचा, भाजी निवडून व्हायची, पाठ टेकायची, ते सारे जायचे. पगाराच्या कागदावर ही वजावट कोठे दिसत नाही.

८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. लांबी ११.४ किलोमीटर, स्थानके बारा. रस्त्याने तासाहून अधिक लागणारा टोकापासून टोकापर्यंतचा प्रवास एकवीस मिनिटांवर आला. १९३४ ते २०१४, मोजा गुरुजी : ऐंशी वर्षे! ह्या सव्वाअकरा-साडेअकरा किलोमीटरचे भूमिपूजन २००६ साली झाले होते, म्हणजे बांधायला आठ वर्षे. बोरीबंदर-ठाणे एकवीस मैल १८५० च्या अखेरीस सुरू होऊन अडीच वर्षांत पुरे झाले होते. अर्थात तेव्हा वाटेत शेते होती, आता वाटेत माणसे होती. वस्ती वसल्यावर मार्ग शोधायचा म्हणजे घर बांधून झाल्यावर पाया खणायचा.

मेट्रोने सारे सुरळीत झाले असे समजू नका. रोज चार-साडेचार लाख माणसे तिने जाऊ-येऊ लागली, आणि त्यांतली बरीचशी घाटकोपरला उतरून जुन्याच रेल्वे पुलावर चढू लागली. पुलावर मुंगीला वाट मिळेना. नदीला नवा ओढा आणून जोडला तर पात्रही रुंद करावे लागते, ही गोष्ट शेतकऱ्याला सांगायला नको. शिवाय बसचे किमान भाडे जेव्हा पाच रुपये होते तेव्हा मेट्रोचे दहा होते. गरिबाला पाच रुपयांचा फरक हा फरकच असतो. २०२५ च्या मे महिन्यात बसचेही दहा झाले.

आता तुम्ही म्हणाल, ज्याला लवकर जायचे त्याने मोटार घ्यावी. बरे, घेऊ या. गुरुजींनी हे गणित मुलांना फळ्यावर घालावे. बारा डब्यांच्या एका भरलेल्या लोकलमध्ये साडेचार हजार माणसे आहेत असे धरा. गर्दीच्या वेळी ह्याहूनही अधिक असतात. मोटारीत सरासरी दीड माणूस. म्हणजे झाल्या तीन हजार मोटारी. एकीला पुढच्या-मागच्या फटीसह सहा मीटर जागा. ओळ झाली अठरा किलोमीटरची. बोरिवलीहून निघालेल्या एका लोकलची माणसे मोटारींत बसवली तर ओळीचे तोंड वांद्र्याला आणि शेपूट बोरिवलीला. आणि मागून तीन-चार मिनिटांत दुसरी लोकल आहेच! हे सारे तेल जाळणार, भोंगे वाजवणार, आणि दिवसभर उभ्या राहायला जागा मागणार. ती जागा कोणाची? पदपथाची, मैदानाची, झाडाच्या सावलीची. मुंबईत नोंदलेली वाहने चाळीस लाखांच्या वर गेली आहेत. शहर मात्र समुद्र आणि खाडी ह्यांच्या मध्ये होते तेवढेच आहे. लोकलच्या नव्या गाड्यांची तर आणखी एक खुबी आहे : थांबण्यासाठी वेग कमी करताना त्या वीज तयार करून तारेत परत पाठवतात. उतारावरच्या गाडीने चढावरच्या गाडीला हात द्यावा तसे.

असे असूनही वर्षानुवर्षे गर्दी तिकडे आणि पैसा इकडे अशी तऱ्हा राहिली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००५ ते २००८ ह्या काळात वाहतुकीचा मोठा अभ्यास केला, तेव्हा वाहनाने होणाऱ्या प्रवासांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक प्रवास रेल्वे आणि बसचेच होते. त्याच सुमारास शहरात उड्डाणपुलांवर उड्डाणपूल उभे राहत होते, ज्यांतल्या कित्येकांवर बस क्वचितच दिसे. बेस्टकडे एकेकाळी चार हजारांवर बसगाड्या होत्या. २०२५ पर्यंत तो आकडा तीन हजारांच्या खाली आला. आणि लोकलच्या दारात लोंबकळणारे आणि रूळ ओलांडणारे धरून बहुतेक वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे उपनगरी मार्गांवर प्राणास मुकतात. हा आकडा मी पुन्हा लिहीत नाही. एकदाच पुरे आहे.

ह्या गर्दीत सर्वांत जास्त चेंगरते ती बाई. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट-बोरिवली अशी केवळ महिलांची लोकल सुरू केली. डब्याचा कोपरा मिळत होता तेथे अख्खी गाडी मिळाली. त्या गाडीत बायका भाजी निवडतात, केळवण करतात, नवरात्रात ठरवून एकाच रंगाची लुगडी नेसतात. पुष्कळांना ही गंमत वाटते. मला वाटते, नोकरी टिकण्याच्या कारणांत ही गाडी धरली पाहिजे. आपल्याकडेही तसेच नाही का? १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) अशी एस.टी. पहिल्यांदा धावली. पुढे ती गावोगाव गेली, आणि मुलगी सातवीनंतरही शाळेत जाऊ शकली ती तालुक्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीमुळे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे झाले, तेव्हा माहेरी, बाजाराला, दवाखान्याला जाणाऱ्या बायकांनी गाड्या भरून गेल्या. गरज नव्हती म्हणून त्या आधी घरी बसत होत्या, असे कोण म्हणेल?

गाडी असते तोवर तिचे मोल कळत नाही. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे लोकल थांबल्या. जूनच्या मध्यावर त्या अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाल्या, इतरांसाठी बंदच राहिल्या. जुलैमध्ये नालासोपाऱ्याला बससाठी ताटकळलेले लोक चिडून रुळांवर उतरले. कचेऱ्या उघडल्या होत्या, पण पोहोचायचे कसे? त्या दिवसांत बेस्टच्या मदतीला कोण आले, ठाऊक आहे? आपली एस.टी. राज्यभरच्या आगारांतून सुमारे हजार गाड्या चालक-वाहकांसह मुंबईला आल्या आणि उपनगरांच्या रस्त्यांवर फिरल्या. ज्या ड्रायव्हरने कधी अंधेरीचा चौक पाहिला नव्हता त्याने तेथे गाडी हाकली. तुमच्याच गावचा कोणी त्यांत असेल तर त्याला विचारा.

एक कडू गोष्ट सांगायची राहिली. कुलाबा ते सीप्झ अशी जमिनीखालची मेट्रो निघाली, तिच्या गाड्यांची आगार-जागा गोरेगावजवळच्या आरे वसाहतीत ठरली. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्रीपासून तेथे झाडे तोडली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला तोड थांबवली तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. ज्यांनी झाडांसाठी रात्र काढली त्यांना मेट्रोचे वैरी म्हटले गेले, आणि ज्यांना मेट्रो हवी होती त्यांना झाडांचे. वास्तविक दोघेही हवेचीच बाजू मांडत होते. आगार कांजूरमार्गला न्यावे असे २०२० साली ठरले, २०२२ साली ते पुन्हा आरेत आले. मेट्रो २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आरेपासून सुरू झाली, आणि पुढच्या ऑक्टोबरमध्ये ३३.५ किलोमीटरचा सारा मार्ग कफ परेडपर्यंत खुला झाला. मार्ग चांगला आहे. पण लोकांच्या सोयीचे काम रात्रीच्या अंधारात करायची पाळी यावी, हे मला तरी पटत नाही. मुळशीपासून आरेपर्यंत शंभर वर्षे गेली, आणि ज्याचे जाणार त्याला आधी विचारण्याची रीत आपल्याला अजून पुरती साधलेली नाही.

आणि आडवी वाट अजून पुरी झालेली नाही. नकाशात आणखी वर पाहा. बोरिवली आणि मुलुंड ह्यांच्या मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचे जंगल, त्यात तुळशी आणि विहार, त्यात बिबटे. बोरिवलीच्या माणसाला मुलुंडला आगगाडीने जायचे तर आजही दादरचाच वळसा. ह्या डोंगराखालून आता दोन मार्ग निघत आहेत. एक गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, १२.२ किलोमीटरचा, त्यात उद्यानाखालून जोडबोगदे. दुसरा ठाणे-बोरिवली बोगदामार्ग, सुमारे १२ किलोमीटरचा. त्याचे भूमिपूजन २०२४ च्या जुलैमध्ये झाले. जंगलाच्या पोटातून जायचे पण वरचे जंगल मोडायचे नाही, ही कल्पना ठीक आहे. मात्र बोगद्याच्या तोंडाशी झाडे जातात आणि तेथल्या पाड्यांवरच्या आदिवासींचे बिऱ्हाड हलते. हे दोन्ही रस्ते मोटारींचे आहेत, रूळ त्यांत नाहीत. म्हणून बोगदा खुला होईल त्या दिवशी वर्तमानपत्रात फीत कापल्याचे छायाचित्र येईल ते पाहाच, पण त्याखाली आणखी एक ओळ शोधा : बोरिवली स्टेशनहून मुलुंड स्टेशनला बस सुटते का, किती मिनिटांनी सुटते, आणि रात्री शेवटची किती वाजता आहे.